कालवा कुणाचा? (जरा मोठी पोस्ट आहे, पण वेळ काढून वाचा)

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो. जूनमध्ये पंधरा दिवस गायब होतो, हे काही जणांच्या लक्षात आलंच होतं. "पत्रकार फॉरेनला, जाहिरातीचे पैसे कुठून आले?" अशी एक कमेंटही वाचली. खुलासा असा, की धाकटी बहीण इंग्लंडात रेडिंग नावाच्या गावात राहते. तिच्या बाळंतपणाला आई गेली होती. सत्तरी ओलांडलेली बाई, एकटी विमानात बसायला तयार नाही, म्हणून आणायला गेलो. तिकीट मेहुण्यांनी काढलं. झालं समाधान?

पण आज विषय वेगळा आहे. विषय कालव्याचा आहे. तिथल्याही आणि आपल्याही.

बहिणीच्या ओळखीतली तिकडची मराठी मंडळी दरवर्षी उन्हाळ्यात एकत्र सहल काढतात. यंदा हंगरफर्ड नावाच्या छोट्या गावी बोटीची सहल ठरली होती. लहानमोठे धरून चाळीसेक माणसं. बटाटेवडे, मेथीचे ठेपले, दोन मोठे थर्मास भरून चहा, असा सगळा सरंजाम. मला वाटलं नदीत बोटिंग असेल. तिथं गेल्यावर कळलं, हा कालवा आहे. केनेट अँड एव्हन कालवा. रेडिंगपासून ब्रिस्टलच्या दिशेनं पसरलेला, सुमारे १४० किलोमीटरचा जलमार्ग.

लांबलचक बोट. वेग माणसाच्या चालण्याइतका, फार तर जरा जास्त. काठावरून कुत्रं फिरवणारी एक बाई बराच वेळ आमच्या बरोबरीनंच चालत होती. दोन्ही बाजूंना हिरवळ, गाई चरतायत, एक जुनं चर्च, बदकांची पिल्लं. आई खिडकीपाशी बसली होती. दहा मिनिटं ती काहीच बोलली नाही. मग मला म्हणाली, "एवढं पानी, आन् ह्यातलं रानाला एक थेंब न्हाई?"

मी हसलो. पण प्रश्न बरोबर होता. आपल्याकडं कालवा म्हणजे शेताचं पाणी. त्यांचा कालवा पाणी न्यायला नव्हताच, माल न्यायला होता. कोळसा, दगड, धान्य. रेल्वे यायच्या आधी जड माल स्वस्तात न्यायचा तर पाण्यावरूनच न्यावा लागे. काठावरून घोडा दोरानं बोट ओढायचा. जॉन रेनी नावाच्या इंजिनिअरनं हा कालवा आखला आणि १८१० मध्ये तो पूर्ण सुरू झाला.

वाटेत चढ-उतार आला की काय करायचं? पाणी तर चढ चढत नाही. तिथं 'लॉक' असतं, म्हणजे दोन्ही बाजूंना दारं असलेली पाण्याची खोली. बोट आत घ्यायची, मागचं दार लावायचं, वरच्या अंगाचं पाणी हळूहळू आत सोडायचं. पाणी चढतं तशी बोट वर येते. पातळी सारखी झाली की पुढचं दार उघडायचं. मोटर नाही, वीज नाही. दाराला जाडजूड लाकडी दांडा असतो, त्याला पाठ लावून माणसं दार ढकलतात. आमच्यातल्या पोरांनी ढकललं, मग मीही पाठ लावली. पाण्याचा दाब असेपर्यंत दार इंचभर हलत नाही, आणि पातळी सारखी झाली की आठ-दहा वर्षांची पोरगीसुद्धा ते उघडते.

एका वेळी बोट चढवायला दोन लाख लिटरांहून जास्त पाणी खाली जातं. आपल्या हिशोबानं सांगायचं तर दहा हजार लिटरचे वीस टँकर. एका बोटीला! हे ऐकून मी गप्पच झालो. एप्रिल-मेमध्ये एका टँकरसाठी भांडणं होतात, ती बातमी मीच दरवर्षी लिहितो.

आईचं लक्ष मात्र भलतीकडं होतं. लॉकच्या दाराच्या फटीतून पाण्याची चिळकांडी उडत होती. तिकडं बोट दाखवून म्हणाली, "गेट गळतंय. आपल्यावानीच हाय की."

बोट चालवणारे आजोबा सत्तरीच्या पुढचे. पोस्टात होते, निवृत्त झालेत. ते आणि बोटीवरचे बाकी दोघं, सगळे बिनपगारी. बोट एका विश्वस्त संस्थेची आहे, लोक स्वयंसेवक म्हणून चालवतात आणि तिकिटाचा पैसा कालव्याच्या कामाला जातो. पत्रकाराची खोड जात नाही. मी जाऊन त्यांच्याशेजारी उभा राहिलो. बहीण दुभाषी. माझं इंग्रजी डिप्लोमापुरतंच आहे.

त्यांनी सांगितलं ते आणि नंतर मी वाचून काढलं ते, थोडक्यात असं. १८४१ मध्ये लंडन-ब्रिस्टल रेल्वे सुरू झाली आणि कालव्याचा धंदा बसला. १८५२ मध्ये रेल्वे कंपनीनंच कालवा विकत घेतला. आता प्रतिस्पर्ध्याची दुरुस्ती कोण मनापासून करणार? शंभर वर्षं कालवा झिजत गेला. दारं कुजली, गाळ साचला, काही भाग कोरडा पडून झुडपं उगवली. १९४८ मध्ये रेल्वेबरोबर कालवाही सरकारी झाला. पन्नासच्या दशकात सरकारनं ठरवलं, हा कालवा कायमचा बंद करू. उपयोग नाही, खर्च मात्र आहे.

आणि इथं लोक आडवे आले. वीस हजारांहून जास्त सह्यांचा अर्ज तयार झाला. तो पोस्टानं नाही पाठवला, पाण्यावरून लंडनला नेला. मोठी बोट जिथं जाऊ शकत नव्हती, तिथं छोट्या होडीतून. कालवा मेलाय म्हणता ना, मग हे बघा, आम्ही त्यातूनच आलो! बंद करण्याचा निर्णय बारगळला. पण दुरुस्तीला पैसा काही मिळाला नाही. मग १९६२ मध्ये विश्वस्त संस्था स्थापन झाली आणि लोकांनी स्वतः चिखलात उतरायला सुरुवात केली. शनिवार-रविवार, फावडी-घमेली घेऊन. सरकारी खातं, स्थानिक पालिका, देणग्या, सगळ्यांना हळूहळू त्यात ओढलं. ८ ऑगस्ट १९९० रोजी राणीच्या हस्ते कालवा परत सुरू झाला.

१९६२ ते १९९०. अठ्ठावीस वर्षं. आपल्याकडं तेवढ्यात पाच-सहा आमदारकीच्या निवडणुका होतात.

आजोबांनी मोबाईलवर जुने फोटो दाखवले. विशी-बाविशीची पोरं-पोरी, गुडघाभर चिखल, हातात फावडी. त्यातला एक हडकुळा पोरगा म्हणजे ते स्वतः. त्यांना वाटलं होतं, चार-पाच वर्षांत काम उरकेल. सुरुवातीचे बरेच जण पहिली बोट जायच्या आधीच वारले, असं ते अगदी साध्या आवाजात म्हणाले.

फोटो आईनंही पाहिला. फावड्यावर बोट ठेवून ती बहिणीला म्हणाली, "त्यांना सांग, आमीबी खांदलाय की कालवा."

खरं सांगतो, मी दचकलो. मला ते माहीत नव्हतं असं नाही. बाहत्तरच्या दुष्काळात आई कामावर होती, हे लहानपणापासून ऐकलंय. मिलोच्या लाल भाकरी, सुकडी, आठवड्याचा पगार, सगळं पाठ आहे. पण ते काम म्हणजे आपलाच कालवा, हे कधी डोक्यात जोडलं नव्हतं. रोज ज्या कालव्याच्या पुलावरून गाडी घेऊन जातो, तो आईनं घमेल्यानं उपसलाय.

बहिणीनं भाषांतर केलं. आजोबांनी बोट दुसऱ्याच्या हाती दिली आणि आईसमोर येऊन बसले. मला वाटलं आता काहीतरी कौतुकाचं बोलतील. त्यांनी विचारलं, "खोली किती होती?" आईनं दोन्ही हात वर करून दाखवलं, दोन पुरुष. "खालचा थर कसला?" मुरूम, मग कठीण माती. "माती कुठं टाकायचात?" भरावावर, डोक्यावरून. मग पन्नास वर्षांपूर्वीच्या चिखलाबद्दल दोन म्हातारी माणसं बहिणीला मध्ये घालून अर्धा तास बोलत बसली. चहा गार झाला.

उतरताना त्यांनी विचारलं, "तुमचा कालवा आता कसा आहे?"

आईनं माझ्याकडं बघितलं. "ह्यो पेपरात लिवतो. त्याला इचारा."

मी काय सांगितलं असेल? सांगितलं, चालू आहे. "गुड," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मेहुण्यांनी गाडीनं आणखी दोन ठिकाणं दाखवली. एक क्रॉफ्टन. कालव्याचा सगळ्यात उंच भाग कोरडा पडू नये म्हणून तिथं पंपानं पाणी वर चढवावं लागतं. रोजचं काम विजेचे पंप करतात, पण १८१२ चं वाफेचं इंजिन अजून तिथंच, त्याच जागी, चालू स्थितीत आहे. ठरावीक दिवशी कोळसा घालून सुरू करतात आणि ते खरोखर कालव्यात पाणी टाकतं. दुसरं ठिकाण डिव्हायझेसजवळची केन हिलची टेकडी. तिथं एका पाठोपाठ एक अशी एकोणतीस लॉक आहेत, त्यातली सोळा सरळ रेषेत, पायऱ्यांसारखी. बोट वर न्यायला पाच-सहा तास लागतात. एकेकाळी हे सगळं गवतात गेलं होतं, हे सांगूनही खरं वाटत नाही.

आता कुणी म्हणेल, चालला हा इंग्लंडचे गोडवे गायला. थांबा. गोडवे गायचे नाहीत. तिकडंही फुकट काही झालेलं नाही. उद्घाटनानंतरही पाणी पुरत नव्हतं, बांधकाम जुनं होतं. १९९६ मध्ये तिथल्या लॉटरीच्या निधीतून अडीच कोटी पौंड मिळाले, तेव्हा कुठं काम पक्कं झालं. तो पैसा आपल्याकडं नाही, हे मला कळतं. आणि सत्तरीतही रविवारी बोट चालवायला जावं एवढी पेन्शन आपल्या शेतकऱ्याला कुणी देत नाही, हेही कळतं.

माझी खुपणारी गोष्ट वेगळीच आहे. त्यांच्या त्या कालव्याची कुणालाच गरज नव्हती. माल रेल्वेनं जात होता, रस्त्यानं जात होता. बंद झाला असता तर कुणाच्या ताटातली भाकरी कमी झाली नसती. नुसत्या आवडीपायी लोकांनी तो अठ्ठावीस वर्षं झगडून वाचवला. आणि आपल्या कालव्यावर हजारो एकर उभी आहेत. ऊस, गहू, कांदा, पोरांच्या फिया, पोरींची लग्नं. तो आपण डोळ्यांदेखत मरू देतोय.

आता आपल्या कालव्याची स्थिती. तुम्हाला माहितीच आहे, तरी लिहितो. अस्तरीकरण ठिकठिकाणी उखडलंय. भरावावर वेड्या बाभळींचं रान माजलंय. पुलाखाली मंगळवारच्या बाजाराचा सगळा कचरा आणि कोंबड्यांची पिसं. वितरिकेच्या गेटची लोखंडी चाकं भंगारात गेली, आता पोती आणि दगड लावून पाणी अडवतात. हेडचे लोक मोटारी टाकतात, रात्री पाईप सोडतात. आणि टेलला आवर्तन पोचतच नाही. कागदावर पोचतं. यंदाचं उन्हाळी आवर्तनही 'पूर्ण' झालं, पण टेलच्या चारीत माती ओली झाली नाही.

अधिकारी म्हणतात कर्मचारी नाहीत. एका पाटकऱ्याकडं पूर्वी चौघांचं असायचं तेवढं काम आहे, हे खरंच आहे. शेतकरी म्हणतात पाणीपट्टी भरून पाणी मिळत नाही, मग भरायची कशाला? तेही खोटं नाही. पट्टी नाही म्हणून दुरुस्ती नाही, आणि दुरुस्ती नाही म्हणून पट्टी नाही. हे रहाटगाडगं मी वीस वर्षं बघतोय.

आणि आता माझी चूक लिहितो. ही पोस्ट खरं तर त्यासाठीच आहे.

टेलच्या वस्तीवरचे एक अण्णा दर बाजारच्या दिवशी माझ्या ऑफिसला यायचे. हातात प्लास्टिकची पिशवी, त्यात अर्जांच्या पोचपावत्या, नमुना नंबर सातच्या झेरॉक्स, पाणीपट्टीच्या पावत्या. त्यांनी पट्टी कधी थकवली नाही. मी सुरुवातीला त्यांच्या चारीवर जाऊन फोटो काढले, चार-पाच बातम्या लावल्या. एकदा साहेब पाहणीला आले, जेसीबीनं थोडा गाळ निघाला. मला फार मोठं काम केल्यासारखं वाटलं. पुढच्या वर्षी परत तेच. मग जिल्ह्याच्या डेस्कवरून फोन आला, कालव्याची बातमी किती वेळा देणार, काहीतरी नवीन द्या.

मी नवीन दिलं. अण्णा येतच राहिले. मी चहा पाजायचो, "बघतो अण्णा" म्हणायचो. नंतर नंतर ते जिन्यात दिसले की मागच्या दारानं निघून जायचो. हो, हे मी केलंय. वर्षा-दोन वर्षांनी त्यांनी येणं बंद केलं आणि मला हायसं वाटलं.

परतीच्या विमानात आईला हे सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "अण्णा आमच्या गँगला होता. माझं घमेलं भरून द्यायचा."

आल्यावर चार दिवसांनी मी अण्णांच्या वस्तीवर गेलो. जिवंत आहेत, ठणठणीत आहेत, ऐकू कमी येतं. "इतके दिवस का आला नाहीत?" असं मीच निर्लज्जपणे विचारलं. म्हणाले, तुम्ही कामात असता. पिशवी अजून खुंटीला आहे. यंदाचीही पावती तिच्यात आहे.

आम्ही दोघं चारीच्या कडेनं अर्धा किलोमीटर चाललो. त्यांनी कुठलं गेट कोणत्या साली गेलं, कुठं बेकायदा पाईप आहे, कुठं मोरी खचलीय, सगळं तोंडपाठ सांगितलं. मी वहीत लिहून घेतलं. वीस वर्षांत पहिल्यांदा मी कालवा पुलावरून नाही, चालत पाहिला.

आता तुम्ही म्हणाल, लोकांनी एकत्र येऊन कालवा चालवणं हे इंग्लंडातच होतं. नाही. नाशिक जिल्ह्यात वाघाड धरणाच्या टेलला ओझरच्या शेतकऱ्यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला पाणी वापर संस्था काढल्या. तेही आपल्यासारखेच टेलचे, पाणी न पोचणारे. पुढं संपूर्ण प्रकल्पाचं पाणीवाटप शेतकऱ्यांच्या संस्थांकडं आलं. २००५ मध्ये तर राज्यात कायदाच झाला, सिंचनाचं व्यवस्थापन शेतकऱ्यांनी करायचं म्हणून. आपल्या वितरिकेवरही अशी एक संस्था आहे. तुम्हाला माहीत होतं? मलाही धड माहीत नव्हतं. बोर्ड आहे, शिक्का आहे, शेवटची सभा कधी झाली ते मात्र दोन संचालकांना विचारूनही कळलं नाही.

मी काही आंदोलन पुकारत नाही. भाषण करणार नाही. चिखलात उतरून गाळ काढू असंही म्हणत नाही, कारण कालव्याला हात लावायचा तर खात्याची परवानगी लागते आणि मशीनही लागतं. एक छोटी गोष्ट करायचीय.

येत्या रविवारी सकाळी सात वाजता पुलापासून टेलपर्यंत चालत जायचं. अंतर अकरा किलोमीटर. ज्यांना पूर्ण जमणार नाही त्यांनी एक-दोन किलोमीटर चाला. वही, पेन आणि मोबाईल आणा. प्रत्येक गेट, प्रत्येक मोरी, प्रत्येक फुटलेली जागा, फोटो आणि ठिकाण, एवढंच नोंदवायचं. कुणाच्या पाईपवरून रस्त्यात भांडण काढायचं नाही, फक्त लिहायचं. हेडच्या लोकांनीही या. तुमच्याशिवाय हे होणार नाही, आणि उद्या धरणात पाणी कमी असेल तेव्हा तुम्हीही कुणाच्या तरी टेललाच असाल. ही यादी संस्थेच्या सभेत ठेवू, खात्याला देऊ, कालवा सल्लागार समितीच्या बैठकीआधी आमदारांना देऊ. आणि दर तीन महिन्यांनी परत चालू. यादीतलं काय झालं, काय नाही, ते मी इथं लिहीन. डेस्कनं छापलं तर पेपरात, नाही तर इथं.

दहा जण आले तरी चालेल. दोघं तर नक्की आहोत, मी आणि अण्णा. आई पण येते म्हणत होती, तिला गुडघ्यामुळं पुलापर्यंतच आणणार आहे. तिला बघायचंय, तिनं टाकलेल्या मातीचा भराव अजून कुठं कुठं शाबूत आहे ते.

बोटीवरच्या त्या आजोबांना मी "चालू आहे" असं सांगून आलोय. ते खोटं ठरू नये, एवढंच.

रविवार, सकाळी सात, पूल. टेलच्या वस्त्यांवर ज्यांचे नातेवाईक आहेत त्यांनी ही पोस्ट तिकडच्या ग्रुपवर टाका. तिथं फेसबुक कमी बघतात, पण व्हॉट्सॲप सगळ्यांकडं आहे.